तिकीट काढून बघितलेल्या पिक्चरबद्दल खरं खरं सांगा : कोल्हापूरकरांचा अनुभव धागा

गंगावेसकर
आपलं गाव सिनेमाचं. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं तयार केला, १९२९ ला प्रभात इथं निघाली (नंतर पुण्याला गेली, ते दुखणं आता काढायला नको), भालजींचा जयप्रभा स्टुडिओ इथलाच. आणि एवढं असून पिक्चर कसा होता विचारलं की आपलं उत्तर एकतर 'नाद खुळा' नाहीतर 'बोगस'. मधलं कोण काय बोलतच नाही. म्हणून धागा काढलाय. समीक्षा नको, स्टार नकोत, कुठलापण एक पिक्चर घ्या आणि काय पटलं काय नाही तेवढं लिहा.

माझ्याकडनं तुंबाड. २०१८ ला आला तेव्हा लक्षच गेलं नव्हतं, २०२४ ला परत लागला तेव्हा मित्रांनी ओढून नेलं. भीती म्हणाल तर फार वाटली नाही. पण ती ओल! भिंतीला, लाकडाला, धोतराला, सगळ्याला ओल. माझं आजोळ गगनबावड्याकडं, जुलैमध्ये तिथं अंथरूणसुद्धा ओलं लागतंय, त्यामुळं मला ते सगळं ओळखीचं. आणि त्यातला तो शापित देव हस्तर सोनं घेऊन बसलाय पण त्याला हाव पिठाची, म्हणून कणकेची बाहुली घेऊन खाली उतरायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मानलं. एकच खटकलं, घर मराठी, गाव मराठी, नावं मराठी आणि म्हातारीसकट सगळी हिंदी बोलतात.

तालमीतला
दंगल. पोरींच्या कुस्त्या एक नंबर, पट काढणं, पकड, दम लागणं सगळं बरोबर, उगं हवेत उडवाउडवी नाही. पण शेवट काय ओ तो. २०१० च्या कॉमनवेल्थची फायनल गीतानं खरी एकतर्फी मारलेली, पिक्चरमध्ये शेवटच्या सेकंदाला पाच पॉइंटचा डाव. बरं ते चालतंय, पब्लिकला टाळ्या पाहिजेत, पण कोचच्या डोक्यानं बापाला खोलीत कोंडून घालायचं? असं काय झालंच नव्हतं. वस्तादाला व्हिलन केल्याशिवाय तुमची स्टोरी पुढं जात नाही काय? खासबागेत कधी बसला असाल तर माहीत असंल, पहिल्या मिनिटात चितपट झाली तरी सगळं मैदान उठून शिट्ट्या मारतंय, पैसे फुकट गेले असं कोण म्हणत नाही. एकतर्फी कुस्तीत पण मजा असते, ती दाखवायला कुस्ती कळावी लागते. आमिरनं अंग मात्र खरं कमावलेलं, त्यात वाद नाही.

भिशी मंडळ, राजारामपुरी
बाईपण भारी देवा. २०२३ च्या पावसाळ्यात आमची अख्खी भिशी गेली, सगळ्यांच्या नऊवाऱ्या, नथी, एकीनं तर गजरे डझनानं आणलेले. पिक्चर म्हणून विचाराल तर मधे ओढलाय आणि त्यातले नवरे सगळे कागदावर काढल्यासारखे, एकाला पण धड तोंड नाही. पण थोरल्या दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत ना, तिथं आमच्या रांगेत एकदम चुळबूळ थांबली, कारण आमच्यातल्या दोघी जावा तशाच होत्या आणि नेमक्या शेजारी शेजारी बसलेल्या. काय झालं विचारू नका. इंटरव्हलला पडद्याच्या खाली फुगड्या घातल्या, बॅटरीवाला पोरगा घाबरून बाजूला उभा. आमच्या घरात 'पिक्चरला जाते' म्हटलं की पहिला प्रश्न 'कशाला?' आणि दुसरा 'जेवणाचं काय?'. त्या महिन्यात कुणीच विचारलं नाही, कारण गल्लीतल्या सगळ्यांच्याच बायका गेलेल्या.

काळा कोट
मी ज्युनिअर वकील आहे, त्यामुळं कोर्ट. चैतन्य ताम्हाणेचा. मित्रांना दाखवला, दोघं झोपले, एक म्हणाला कॅमेरा हालतच नाही की. अरे हालणार कसा, कोर्टात काय हालतंय? इतर पिक्चरमध्ये वकील ओरडतो, जज हातोडा आपटतो, आरोपी रडत कबुली देतो, असला हातोडा मी आजवर बघितलेला नाही. इथं साहेब साक्ष स्वतःच्या भाषेत करून टायपिस्टला सांगतात आणि माणूस काय बोलला ते बाजूलाच राहतं, हे शंभर टक्के असंच असतंय. एका बाईनं बिनबाह्यांचं घातलंय म्हणून तिची केस पुढं ढकलतात तो सीन बघून मी हसलो आणि मग गप्प बसलो. सरकारी वकील बाई संध्याकाळी लोकलनं घरी जाऊन स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी नाटकाला जातात, म्हणजे बाई वाईट नाहीतच, आणि तेच जास्त अवघड जातं. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय कोल्हापुरात, सगळ्या पक्षकारांना हा पिक्चर आधी दाखवला पाहिजे, म्हणजे 'साहेब निकाल कधी?' हे फोन कमी होतील.

दुधाळी
पॅरासाइट, तो कोरियन, गरीब घरातली चौघं श्रीमंताच्या बंगल्यात कामाला लागतात तो. ऑस्कर मिळाल्यावर घरीच बघितला, तिकीट काढलेलं नाही, चालत असेल तर ठेवा.

सगळे म्हणतात पहिला भाग विनोदी आहे, असेल. मला पुराचा सीन आला आणि पुढचं मागचं सगळं विसरायला झालं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आमच्या भागात शेंबड्या पोराला पण पाठ असतात, पण २०१९ च्या ऑगस्टला पाणी किती चढणार याचा अंदाज कुणालाच आला नाही. आणि बाहेरच्यांना वाटतं पाणी दारातनं येतं. दारातनं नाही येत, पहिल्यांदा मोरीतनं येतं. आधी गुडगुड आवाज, मग जाळीतनं काळं पाणी वर, तुम्ही पोतं दाबून ठेवताय आणि ते पोत्याच्या कडेनं येतंय. त्या पिक्चरमध्ये कमोडमधनं काळं पाणी उसळतंय आणि ती पोरगी झाकण लावून त्याच्यावर बसून सिगारेट पेटवती. माझ्या आईनं मोरीच्या जाळीवर पाटा ठेवलेला आणि त्याच्यावर बसून ती देवाचे टाक पिशवीत भरत होती. हे त्या कोरियातल्या माणसाला कसं कळलं काय माहीत.

मग शाळेत मुक्काम, वाटलेले कपडे, तेपण पिक्चरमध्ये आहे, फक्त तिथं शाळेऐवजी जिम. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई फोनवर म्हणती पावसानं हवा कशी स्वच्छ झाली. आमच्याकडं पाणी उतरत असताना पुण्यातनं एका नातेवाईकांचा फोन, यंदा पाऊस चांगला झाला, धरणं भरली. खोटं काय बोलले? भरलीच होती. आणि तो वास. साहेबाला ड्रायव्हरच्या अंगाचा वास येतो ते लोकांना जरा जास्त वाटतं, पण गाळ काढला, फिनेल ओतलं, चुना मारला, तरी दिवाळीपर्यंत कपाट उघडलं की तोच वास. कामावर कुणी जवळ येऊन बोललं की मी एक पाऊल मागं सरकायचो. शेवटची भोसकाभोसकी मात्र मला नाही पटली, तिथं दिग्दर्शकाला घाई झाल्यासारखी वाटली.

रिटायर माणूस
ओपनहायमर. मुलगा घेऊन गेला. तीन तास माणसं नुसती बोलतात, खालची अक्षरं वाचेपर्यंत पुढचा माणूस बोलायला लागतो. स्फोटानंतर आवाज बंद होतो तेवढी जागा जबरदस्त, पॉपकॉर्न खाणारे पण थांबले. बाकी पाठ धरली.

त्यापेक्षा आमचा पिंजरा, १९७२. गाणी आपल्या खेबुडकरांची. गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातात, असली कल्पना आता कोण करतंय! नातीला दाखवला तर ती म्हणाली आजोबा, पण त्या तमाशातल्या बाईचं काय चुकलं, गुरुजी काय कुक्कुलं बाळ होते काय? मी उत्तर दिलं नाही, अजून विचार करतोय.

गोकुळ शिरगाव एमआयडीसी
सैराट कुणी काढला नाही अजून? सगळे झिंगाट नाहीतर शेवट यावरच बोलतात. मला हैदराबादचा भाग आवडतो, जो पब्लिकला बोअर झाला. बुलेट चालवणारी आर्ची झोपडपट्टीत येती, तिला त्या घाणीत राहवत नाही, मग बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागती, तिथली भाषा शिकती. पळून जाणं सगळेच दाखवतात, भाड्याची खोली आणि पगाराची तारीख कोण दाखवतंय? आमच्या शेजारच्या खोलीत असंच एक जोडपं राहायचं, दोघं दोन शिफ्टला, चुलीपेक्षा वडापावच जास्त. आमच्या थिएटरमध्ये त्या अर्ध्या तासात निम्मे लोक मोबाईल बघत होते.

तालमीतला
मी पण त्यातलाच. पण तो परश्या डोसे काढतो तिथं भूक लागलेली बघ.