मुलासाठी शाळेकडून जादा मदत कशी मिळवायची? सोमवारच्या आत उत्तर हवंय

घाटावरचा
नमस्कार. मुलाचं वाचन अजिबात होत नाही. सहामाहीचा मराठीचा पेपर जवळजवळ कोरा. बाई म्हणतात, लक्ष नाही, घरी करून घ्या. घरी रोज घेतोच, रडारड होऊन वही मिटते. मुख्याध्यापकांना विचारलं की शाळेत त्याच्यासाठी वेगळं काही होईल का, तर म्हणाले, वर्गात एवढी पोरं, एकट्याचं कसं बघणार, सर्टिफिकेट असेल तर आणा. कसलं सर्टिफिकेट, कुठून आणायचं, ते नाही सांगितलं. सोमवारी परत भेटायचंय. शाळेवर बंधन काय असतं आणि अर्ज कुणाच्या नावाने करायचा, एवढंच सांगा. 'धीर धरा' नको, ते सगळे सांगून झालेत.

चकलीभाजणी
कितवीत आहे? माध्यम? बोर्ड? गाव? शाळा जिल्हा परिषदेची की खाजगी? यातलं काहीच लिहिलं नाहीये आणि उत्तर मात्र सोमवारच्या आत :)

घाटावरचा
दुसरी. सेमी. बोर्ड आपलंच, स्टेट. सातारा. शाळा संस्थेची आहे.

चकलीभाजणी
संस्थेची म्हणजे अनुदानित की विना? फरक पडतो.

सुमतीकाकू
पहाटे उठवून अभ्यासाला बसवा. रात्री भिजवलेले चार बदाम आणि ब्राह्मीचं सिरप. माझा नातू असाच होता, आता पाढे धडाधड म्हणतो. आणि तो मोबाईल आधी काढून घ्या हातातून.

घाटावरचा
काकू, मोबाईल त्याला देतच नाही. पाढे त्यालाही येतात, म्हणून दाखवतो. वाचता येत नाही. @चकलीभाजणी अनुदानित.

हडसनकाठ
आमच्याकडे न्यू जर्सीत हे फार सोपं आहे. पालकांनी लेखी विनंती केली की ठराविक मुदतीत उत्तर द्यावंच लागतं, मग शाळेचेच तज्ज्ञ मुलाला तपासतात आणि त्याच्यापुरता आराखडा लिहून तुमची सही घेतात. तुम्ही तोच आग्रह धरा. आपल्याकडे लोक मागतच नाहीत.

टपालपेटी
अहो सातारा लिहिलंय त्यांनी. सातारा.

खडूफळा
मी प्राथमिक शिक्षिका आहे, म्हणून आधी विचारते. 'वाचन होत नाही' म्हणजे नेमकं काय? सुटी अक्षरं ओळखतो का? काना-मात्रा लागल्या की अडतो का? घ-ध, भ-म यांत गोंधळ? पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी आणि बोलताना नंतर, तिथे बरीच मुलं अडकतात, तसं आहे का? संख्या उलट्या लिहितो का? जन्ममहिना कोणता? डोळे-कान तपासलेत? हे कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगेल, आणि सांगतायतच.

घाटावरचा
सुटी अक्षरं येतात. घ-ध, भ-म हो, कायम. वेलांटी सोडूनच देतो, जोडाक्षर आलं की गप्प. गोष्ट एकदा ऐकली की शब्दन् शब्द सांगतो, म्हणून तर बाईंना वाटतं नाटक करतोय. पस्तीस म्हटलं की ५३ लिहितो, पण थर्टी फाइव्ह म्हटलं की बरोबर ३५. डिसेंबरचा जन्म, आता सात पूर्ण होतील. डोळे तपासलेत, कान नाही.

त्रैराशिक
मग हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्यातली अक्षमता, नाहीच! दोष आपल्या संख्यावाचनाचा. पस्तीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, पोरगं आधी पाच लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस पाच' आणलं ते याचसाठी, आणि लोकांनी चेष्टा करून वाट लावली.

टपालपेटी
चेष्टा बरोबरच होती. पिढ्यानपिढ्या त्रेसष्ट, चौसष्ट शिकलो, कुणाचं काय अडलं?

त्रैराशिक
ज्यांचं अडलं ते शाळा सोडून गेले, ते इथे लिहायला येत नाहीत. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तेव्हा शांतपणे समजावलं होतं की जुने शब्द काढलेले नाहीत, नवी पद्धत जोडीला दिली आहे. वाचायचे कष्ट कोण घेतो.

टपालपेटी
भाषा मोडून गणित शिकवायचं असेल तर

घाटावरचा
माझ्या प्रश्नावर याल का?

मीठभाकरी
एक वर्ष परत दुसरीतच बसवा. डिसेंबरचं पोर, वर्गात सगळ्यात लहान असणार. सगळं आपोआप जुळून येतं.

खडूफळा
@मीठभाकरी दुसरीत शाळा मागे ठेवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यातली २०१९ ची दुरुस्तीसुद्धा पाचवी आणि आठवीपुरती आहे. लहान असण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे. डिसेंबरचं मूल आणि जानेवारीचं मूल एकाच बाकावर असतं आणि आपण दोघांना एकच उतारा देतो.

रेघीवही
या सगळ्यातून मी मुलीसाठी गेले आहे (पुण्यात), म्हणून सविस्तर लिहिते.

मुख्याध्यापक म्हणतायत ते बहुधा अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र (डिस्लेक्सिया त्यातच येतो). २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत हा एक. पण ते प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाच्या आत देत नाहीत, कारण त्याआधी नुसतं उशिरा शिकणारं मूल आणि खरी अडचण असलेलं मूल यांत फरक करणं अवघड असतं. म्हणजे तुमच्याकडे मागितलेला कागद आज कुणीच देणार नाही. आणि शाळेतल्या मदतीसाठी तो लागतही नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ शिक्षकांची कामं सांगतं. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जास्तीचं शिकवणं हे त्यांत आहे. दिव्यांग कायद्याच्या कलम १६ मध्ये अशी अडचण लवकरात लवकर ओळखून उपाय करायला सांगितलंय, आणि ते सरकारमान्य शाळांनाही लागू आहे.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी बोललेलं त्यांना पुढच्या पालकसभेत आठवत नाही. अर्जात 'मदत करा' असं मोघम नको. लिहा की तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडून मुलाची पाहणी व्हावी. हे समग्र शिक्षा योजनेत येतं. शाळा टाळत असेल तर तुम्ही स्वतः केंद्रात जाऊन विचारा, फोनवर कुणी नीट सांगत नाही.

कान मात्र आधी. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असेल तर तिथेच दाखवा, पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी केली आहे, ती मराठीतही आहे आणि पहिली-दुसरीच्या मुलांनाही चालते. ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. इंग्रजी चाचणीवरून मराठी वाचनाचा निकाल लावणाऱ्यांपासून लांब राहा. आमची त्यात बरीच शोभा झाली.

कायद्याचं_बोला
सोमवारी कलमं छापून टेबलावर ठेवा. नुसतं बोलून काही होत नाही.

खडूफळा
कलमं अर्जात असू द्या, टेबलावर नकोत. माझ्याच वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत, वर बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, पोषण आहाराचा हिशेब, रोज कसली तरी ऑनलाइन माहिती. तरी मी करते. पण पालक कलम वाचून दाखवायला लागले की मी शिक्षिका उरत नाही, आरोपी होते. बाईंकडे करता येण्याजोगं मागा. पुढच्या बाकावर बसवा. सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायला लावू नका. चाचणीचे प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या. गोष्ट ऐकून शब्दन् शब्द सांगणारं पोर तोंडी परीक्षेत तुम्हाला चकित करेल.

कायद्याचं_बोला
म्हणजे हक्काचं असलं तरी गोड बोलून मागायचं. छान.

रेघीवही
दोन्ही करायचं. कागद कडक, बोलणं गोड.

घाटावरचा
एक राहिलं सांगायचं. बाई म्हणाल्या होत्या, संध्याकाळी माझ्याकडे क्लासला पाठवा, तिथे नीट लक्ष देता येईल.

चकलीभाजणी
हे आत्ता सांगताय??

कायद्याचं_बोला
शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८! शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही. सरळ तक्रार करा.

मीठभाकरी
आम्ही आमच्या बाईंकडेच लावला होता क्लास. पोराला बाईंची सवय, बाईंना पोराची. कशाला कलमं काढता, फी देऊन मोकळे व्हा.

रेघीवही
तक्रार वगैरे सोमवारी नको, पण क्लासही लावू नका. ज्या पद्धतीने दिवसा कळत नाही त्याच पद्धतीने संध्याकाळी पुन्हा शिकवलं तर काय फरक पडणार? त्याला वेगळ्या तऱ्हेने शिकवायला हवं. आवाज वेगळे करून ऐकवणं, वाळूत बोट फिरवून अक्षर गिरवणं, एका वेळी एकच मात्रा. हे विशेष शिक्षक करतात.

सुमतीकाकू
वाळूत गिरवणं आमच्या वेळी सगळेच करत. धूळपाटी म्हणायचे.

हडसनकाठ
आमच्याकडे संध्याकाळच्या क्लासचा प्रश्नच येत नाही, कारण शाळेतच

टपालपेटी
सातारा!!

घाटावरचा
जाऊन आलो. मुख्याध्यापक आधी अर्ज घेईनात, म्हणाले तोंडी सांगितलंत तेवढं पुरे. बसून राहिलो. शेवटी लिपिकाकडून शिक्का मिळाला. आठ वर्षांच्या अटीचं सांगितल्यावर सर्टिफिकेटचा विषय त्यांनी परत काढला नाही. बाईंनी तोंडी चाचणी आणि पुढचा बाक मान्य केला, क्लासचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही. गट साधन केंद्रात स्वतः गेलो. विशेष शिक्षिका आहेत, पण बऱ्याच शाळा त्यांच्याकडे. शाळेचं पत्र आलं की बघते म्हणाल्या. आता पत्रासाठी शाळेच्या मागे लागायचंय. गुरुवारी कान. सगळ्यांचे आभार.

रेघीवही
पत्राची जावक तारीखही मागून घ्या. आणि बाईंनी कबूल केलंय ते दोन ओळींत लिहून मुख्याध्यापकांना द्या, तिसरीत बाई बदलतील तेव्हा उपयोगी पडेल.

त्रैराशिक
घरी संख्या सांगताना 'तीस पाच, पस्तीस' असं दोन्ही म्हणून पाहा. पटतंय का कळवा.

मीठभाकरी
साताऱ्यात अबॅकसचा चांगला क्लास कुणाला माहीत आहे का? भाचीसाठी हवाय.