नटाने स्वतंत्र सिनेमा करायचा तर कॅसाव्हेटिसचं काय घ्यावं?

तिसरी घंटा
प्रायोगिक नाटकं आणि मालिका करणाऱ्या नटांचा गट पहिला मराठी सिनेमा करायच्या बेतात आहे. ९०-१०० मिनिटं, सहा पात्रं, कोथरूडमधला एक फ्लॅट आणि सदाशिव पेठेतला जुना वाडा. दिग्दर्शक नटच, एक भूमिकाही तोच करणार. निर्माता नाही. जो तो अमेरिकन नट-दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसचं नाव घेतो: अभिनयाच्या कमाईतून सिनेमा, शूट घरातच, संवाद जागेवर सुचतील तसे. हे कितपत खरं? पुण्यात चालेल का? आणि हमखास बिघडतं ते काय?

रीळ नंबर दोन
पैशाचं खरं, संवादांचं निम्मंच.

कॅसाव्हेटिसचा पहिला सिनेमा 'शॅडोज' नटांच्या कार्यशाळेतून निघाला. रेडिओवरून पैशाचं आवाहन केलं, १६ मिमीवर शूट केलं. १९५८ मध्ये दाखवलेली आवृत्ती त्याला स्वतःलाच पटली नाही, म्हणून १९५९ मध्ये बराच भाग लिहून पुन्हा चित्रित केला. शेवटी 'हा सिनेमा उत्स्फूर्त होता' अशी पाटी आहे, तिच्यावर विसंबू नका. 'फेसेस'ला तर रीतसर पटकथा होती, तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. नटाला मोकळीक असायची ती ओळ कशी म्हणायची याची.

मधल्या काळात हॉलिवूडसाठी दोन सिनेमे केले. दुसऱ्याचं संकलन निर्माता स्टॅन्ली क्रेमरने हातातून काढून घेतलं. खरा धडा तिथे आहे. 'फेसेस' १९६५ मध्ये साधारण सहा महिने चित्रित झाला आणि प्रदर्शित झाला १९६८ मध्ये. मधली वर्षं संकलनात गेली, आणि ती परवडली 'द डर्टी डझन'सारख्या सिनेमांतल्या कामामुळे. १९७४ च्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'मध्ये नट पीटर फॉकने पैसे घातले, वितरक मिळाला नाही, तेव्हा थिएटरं स्वतःच गाठली.

तेव्हा संकलनावरचा ताबा आणि त्यासाठीचा वेळ, एवढं घ्या. सहा महिन्यांचं शूट मात्र विसरा. घर स्वतःचं आणि माणसं घरची होती म्हणून ते जमलं. कॅमेरा, लाइट रोजभाड्याने आणणाऱ्याने १५-१८ दिवसांत आटपावं. आपल्याकडे अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये 'आक्रीत' दिग्दर्शित केला तेव्हा हिंदीत त्यांचा जम बसलेला होता. अभिनय सोडून दिग्दर्शनात उडी मारायची, हा क्रमच चुकीचा.

बूमवाला
बिघडतो तो आवाज. चित्र जरा हललं तरी लोक चालवून घेतात, संवाद कळला नाही की उठतात.

फ्लॅटमध्ये शत्रू चार: फ्रिज, पंखा, सोसायटीचा पाण्याचा पंप आणि उघड्या टाइल्सचा घुमारा. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे रात्री चालू करायला कोणी विसरत नाही. पंपाच्या वेळा वॉचमनकडून लिहून घ्या. फ्रेमबाहेरच्या जमिनीवर सतरंज्या, भिंतींना गोधड्या. वाड्यातल्या लाकडी जिन्याची करकर वेगळी रेकॉर्ड करा. संवाद सकाळी नऊच्या आत उरका, नंतर रिक्षा ऐकू येणारच. गणेशोत्सवाच्या आसपास पेठेत तारखा घेणाऱ्याला काय म्हणावं?

बूम (लांब काठीवरचा माइक) तोंडापासून ३०-४० सेंमीवर, शिवाय बोलणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांवर छोटा लेपल माइक, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एकमेकांच्या बोलण्यात घुसायचं असेल तर तसा टेक घ्या, पण त्याच प्रसंगाचा एक टेक कोणी कोणावर न बोलता हवाच, नाहीतर संकलक कापणार कुठे? प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा, संकलनात संवादांमधल्या फटी भरायला ती लागते.

तिसरी घंटा
आणि नंतर डबिंग केलं तर?

बूमवाला
रस्त्यावरच्या प्रसंगांना करा. फ्लॅटमधल्यांना नको. श्वास, अडखळणं, हुंकार पुन्हा तसेच येत नाहीत, आणि तोवर मालिकेतले नट तारखा देत नाहीत.

कंटिन्युइटी
दिग्दर्शक फ्रेममध्ये असेल तर मॉनिटरवर एकच माणूस, आणि काय बघायचं ते आधी ठरलेलं. दर टेकनंतर सगळे मॉनिटरभोवती जमले की पाच मिनिटं जातात. दिवसाला २५ टेक म्हणजे दोन तास गेले. लाइट आणि फोकस लावताना दिग्दर्शकाच्या उंचीचा माणूस उभा करा. त्याचे स्वतःचे प्रसंग पहिल्या दोन दिवसांत ठेवू नका.

रंगभूमीवरच्या नटांचा आवाज शेवटच्या रांगेसाठी लागलेला असतो, क्लोजअपमध्ये तो अंगावर येतो. त्याच फ्लॅटमध्ये आठ-दहा दिवस तालीम करा, मोबाइलवर चित्रित करून बघा. तालमीची सवय हे तुमचं एकमेव फुकटचं भांडवल.

हार्डडिस्क
प्रोरेस ४२२ एचक्यू (व्हिडिओ फाइलचा प्रकार), यूएचडी म्हणजे 4K, सेकंदाला २४ फ्रेम्स: तासाला साधारण ३१८ जीबी. १०० मिनिटांच्या सिनेमासाठी दहापट चित्रीकरण धरलं तर ५.३ टीबी, तीन प्रती म्हणजे १६. त्यातली एक दुसऱ्या घरी.

२४ फ्रेम्सवरच शूट करा आणि कॅमेऱ्याचं शटर १७२.८ अंशांवर (म्हणजे १/५० सेकंद) ठेवा, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे चित्रात लुकलुकत नाहीत. 'आपल्याकडे २५ चालतं' म्हणून २५ वर केलं तर थिएटरला द्यायच्या २४ फ्रेम्सच्या डिजिटल प्रतीसाठी (डीसीपी) सिनेमा चार टक्के संथ करावा लागतो. आवाजाची पट्टी उतरते, ती वर घेताना ध्वनिमिश्रणाचं काम पुन्हा.

गल्ला
प्रसंगात मागे टीव्हीवर गाणं लागलेलं असेल तर त्याचे हक्क लागतात, टीव्ही बंद ठेवा. सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. आता यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आहेत. राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष प्रमाणपत्राच्या तारखेवरून धरतात, त्यामुळे ते ३१ डिसेंबरच्या अलीकडे की पलीकडे हवं, हे आधी ठरवा. सरकारी अनुदान सिनेमा झाल्यावर येतं, खर्चाच्या हिशोबात धरू नका. महोत्सवांचे अर्ज जाईपर्यंत युट्यूबवर काही चढवू नका. आणि वाड्याच्या मालकाकडून लेखी परवानगी घ्या. हिस्सेदार अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी एखादा पुतण्या दारात उभा राहतो.