नोंदवही चोख ठेवणं ही फितुरी होते का? नेदरलँड्स, १९४०-४५

दप्तरबंद (धागाकर्ता)

याकोब लेंट्स हा हेगमधल्या राष्ट्रीय लोकसंख्या-नोंदणी खात्याचा प्रमुख. युद्धानंतर त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. ती फारच कमी होती असं माझं मत आहे. आपल्या भाषेत फितूर म्हटलं की रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. लेंट्स दिवसाढवळ्या, कार्यालयीन वेळेत, मन लावून काम करत होता. म्हणून त्याच्या बाबतीत हा शब्द वापरायला लोक कचरतात.

थोडी पार्श्वभूमी. १९३६ पासून नेदरलँड्समध्ये प्रत्येक रहिवाशाचं एक वैयक्तिक कार्ड नगरपालिकेत असायचं. माणूस गाव बदलून गेला की कार्डही त्याच्या मागे नव्या गावी जायचं. जन्म, लग्न, पत्ता, व्यवसाय आणि धर्म, सगळं एका कार्डावर. लेंट्सला यापुढे जाऊन सक्तीचं ओळखपत्र हवं होतं. मार्च १९४० मध्ये डच सरकारने ते नाकारलं. प्रत्येक नागरिकाला संभाव्य गुन्हेगार समजणं आपल्या परंपरेत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मे १९४० मध्ये जर्मन आले, आणि सरकारने नाकारलेलं तेच ओळखपत्र एप्रिल १९४१ पासून देशभर वाटलं जाऊ लागलं.

जर्मनांनी ‘ओळखपत्र हवं’ म्हटलं असेल, पण ‘इतकं उत्तम हवं’ असं कुणीही म्हटलं नव्हतं. लेंट्सचं पत्र खुद्द जर्मनांच्या ओळखपत्रापेक्षा सरस निघालं. हे वरचं काम त्याने आपण होऊन केलं, आणि माझ्या मते गुन्हा तिथेच आहे.

खाडीकाठ

शिक्षेबद्दल वाद घालत नाही, पण एका माणसावर एवढा भार टाकणं इतिहासाला धरून नाही.

१९३७ मध्ये डच सरकारनेच अधिकाऱ्यांना गुप्त सूचना दिल्या होत्या. देश व्यापला गेला आणि तुम्ही जागेवर राहण्याने शत्रूपेक्षा जनतेचा फायदा जास्त होणार असेल, तर जागेवर राहा. राणी विल्हेल्मिना १३ मे १९४० ला इंग्लंडला गेली, मंत्रिमंडळही गेलं. मागे राहिले खात्यांचे सचिव. ऑक्टोबर १९४० मध्ये सरकारी नोकरांकडून ‘आर्य असल्याचं’ प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. त्यात न्यायाधीश होते, प्राध्यापक होते. पुढच्या महिन्यात ज्यू नोकर कामावरून दूर झाले. २६ नोव्हेंबरला लायडन विद्यापीठात प्राध्यापक क्लेव्हेरिंगा यांनी आपल्या ज्यू सहकाऱ्याच्या बाजूने भाषण केलं. त्यांचं नाव आजही घेतलं जातं, यावरूनच असं करणारे किती थोडे होते ते कळतं.

मग जानेवारी १९४१ ची ज्यू नोंदणी. साधारण १,६०,००० लोकांनी स्वतः कार्यालयात जाऊन अर्ज भरले, माणशी १ गिल्डर (तेव्हाचं डच चलन) शुल्क देऊन. न भरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. त्या घटकेला लेंट्सच्या ओळखपत्राचं वाटपही सुरू झालेलं नव्हतं. आपलं सरकारी कार्यालय आपला घात करणार नाही, हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. तो लेंट्सने निर्माण केला नव्हता.

शाईदौत

दप्तरबंद म्हणतात ते ‘सरस’ म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. त्याशिवाय हा वाद हवेत राहील.

ओळखपत्र तीन भागांत घडी पडणारं. कागदात जलचिन्ह. फोटो, सही आणि बोटाचा ठसा. छपाईची शाई क्वार्ट्झ (अतिनील) दिव्याखाली वेगळी वागणारी, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना हुबेहूब वाटणारी नक्कल दिव्याखाली उघडी पडायची. फोटो सोलून दुसरा लावायला गेलं की कागदाला इजा व्हायची, कारण डिंक त्याच हेतूने निवडलेला. ज्यूंच्या पत्रावर मोठा काळा ‘जे’, तोही एकाच जागी नाही. खरवडायचा म्हटलं तरी किती ठिकाणी खरवडणार?

पण खरी अडचण खिशातल्या पत्राची नव्हतीच. प्रत्येक माणूस तीन ठिकाणी होता: खिशात, नगरपालिकेच्या कार्डात, आणि हेगमध्ये. पत्र घेताना जी पोच भरून द्यावी लागे, तिच्यावरही फोटो आणि ठसा असे, आणि त्या पोचा हेगमध्ये क्लेकाम्प नावाच्या इमारतीत एकत्र ठेवल्या होत्या. म्हणजे बनावट पत्र कितीही सुबक असलं तरी कुणी नगरपालिकेत विचारणा केली की संपलं.

भूमिगतांनी यावर काढलेल्या वाटाही याच तीन ठिकाणांना धरून होत्या. सगळ्यात सोपी वाट ही की ज्याला धोका नाही अशा माणसाने पत्र हरवल्याची तक्रार करून नवं घ्यायचं आणि जुनं द्यायचं. मग त्यात फोटो बदलायचा. यात चूक व्हायची ती वय आणि ठशाची. चाळिशीच्या बाईच्या हाती विशीतल्या मुलीचं पत्र चालत नाही. दुसरी वाट कोरं पत्र चोरण्याची. कोऱ्या पत्रावर खऱ्या, जिवंत माणसाचं नाव-पत्ता घातला तर नगरपालिकेतली विचारणाही निभावते. एकाच वेळी दोघांची तपासणी होऊ नये एवढंच. तिसरी वाट सगळ्यात भक्कम, पण त्यासाठी कार्यालयातला माणूस आपला लागतो: पत्राशी जुळणारं खोटं कार्ड तो कप्प्यात घालून ठेवतो.

शिल्पकार गेरिट व्हॅन डर व्हेन यांच्या गटाने अशी हजारो पत्रं तयार केली. एका माणसाला लपवायचं तर पत्रासोबत रेशनचं कार्ड आणि कूपनंही नियमित लागत, तेही विसरू नये. पत्र एकदा मिळालं की मिळालं, पोट मात्र रोज मागतं.

खाडीकाठ

@शाईदौत, तुमच्याच प्रतिसादात माझा मुद्दा आहे. तिसरी वाट कारकून जागेवर असेल तरच चालते. सगळ्या सज्जनांनी १९४० मध्येच राजीनामे दिले असते, तर ते खोटं कार्ड कप्प्यात घातलं कुणी असतं?

दप्तरबंद

मान्य. पण मग निकष राजीनाम्याचा नाही, जागेवर राहून काय केलं याचा आहे. आणि त्या निकषावर लेंट्स आणखीच खाली जातो. ढिलाई करायची मुभा सगळ्यात जास्त त्याच्याचकडे होती. कार्यालयात काम लांबवायच्या वाटा कारकुनाला कुणी शिकवाव्या लागत नाहीत. अर्ज परत पाठवता येतो, ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा मारता येतो, छपाईची शाई संपते.

फ्रान्समध्ये रने कार्मिल यांच्याकडे सांख्यिकी खात्याची सूत्रं होती. त्यांनी ज्यूंची माहिती यंत्रावर चढू दिली नाही. त्यांना १९४४ मध्ये लियोंमध्ये अटक झाली आणि जानेवारी १९४५ मध्ये दाखाउच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला. तेही लेंट्ससारखेच नोंदवहीतले माणूस होते.

उत्तरायण

कार्मिल यांचं उदाहरण जपून वापरा. देशव्यापी नोंदणीचं यंत्र तिथे त्यांनीच उभं केलं होतं. फ्रान्समधला आजचा सामाजिक सुरक्षेचा क्रमांक त्यांच्याच १३ आकडी क्रमांकातून आला. यंत्र उभारणारा आणि ते अडवणारा माणूस तिथे एकच होता.

त्यापेक्षा बेल्जियम पाहा, तुलना जास्त न्याय्य होईल. जून १९४२ मध्ये ब्रसेल्सच्या नगराध्यक्षांनी ज्यूंना कपड्यांवर लावायचा सक्तीचा पिवळा तारा वाटायला नकार दिला. जर्मनांना ते काम स्वतः करावं लागलं. अँटवर्पच्या पालिकेने तारे वाटले, आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथले पोलीस धरपकडीत उतरले. अँटवर्पमधले साधारण दोन-तृतीयांश ज्यू छावण्यांकडे रवाना झाले, ब्रसेल्समधले साधारण एक-तृतीयांश. देश एक, जर्मन लष्करी अंमल एक, अंतर जेमतेम ४५ किलोमीटर.

खाडीकाठ

आकडे बरोबर आहेत, पण त्यात एक गाळलेली बाजू आहे. बेल्जियममधल्या बहुतेक ज्यूंकडे नागरिकत्वच नव्हतं, ते पूर्व युरोपातून अलीकडे आलेले होते. सरकारी कागदावर विश्वास ठेवू नये हे ते आधीच शिकून आले होते. नेदरलँड्समध्ये उलट. शिवाय बेल्जियममध्ये लष्करी प्रशासन होतं, तर नेदरलँड्समध्ये हिटलरने नेमलेल्या झाइस-इंक्वार्टचं नागरी प्रशासन, ज्यात एसएस या नाझी संघटनेचा हात फार वरपर्यंत पोचलेला. देश सपाट, डोंगर-जंगलं नाहीत, पूर्वेला जर्मनी, पश्चिमेला समुद्र. त्यातही निम्म्याहून जास्त ज्यू एकट्या आम्सटरडॅममध्ये. सुमारे १,४०,००० पैकी १,०७,००० रवाना झाले, त्यातले जेमतेम ५,००० परतले. फ्रान्समध्ये चौघांपैकी एक मारला गेला, इथे चौघांपैकी तिघे. ही दरी एका ओळखपत्राने पडत नाही.

शाईदौत

पडत नाही, पण ओळखपत्राने रुंदावते. लपलेल्यांचाच आकडा घ्या. साधारण २५,००० ज्यू लपले आणि त्यातला तिसरा हिस्सा पकडला गेला. १९४३ मध्ये ज्यूंना शोधून देणाऱ्या हेन्नेइकेच्या डच टोळीला माणशी ७.५० गिल्डर मिळायचे, आणि त्या टोळीने काही महिन्यांत ८,००० हून अधिक माणसं पकडून दिली. रस्त्यावर पत्र मागितलं की दोन मिनिटांत फैसला होत असेल, तर असा धंदा फार सोपा होतो.

आणि भूमिगतांचं मत काय होतं, ते त्यांनी कशावर जीव लावला त्यावरून कळतं. २७ मार्च १९४३, शनिवारची रात्र, आम्सटरडॅमचं नोंदणी कार्यालय, प्लांटाज केर्कलान ३६. विलेम अरोंडेउस, व्हॅन डर व्हेन आणि सोबती पोलिसांच्या वेशात आत शिरले. गणवेश शुर्ड बाकर या शिंप्याने शिवलेले. पहारेकऱ्यांना मारायचं नाही असं ठरलेलं, म्हणून गटातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्यांना झोपेचं इंजेक्शन दिलं आणि त्यांना शेजारच्या आर्टिस प्राणिसंग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवलं. मग कप्पे उपसून कार्डांचे ढीग केले, बेंझॉल ओतलं, स्फोटकं लावली.

ढीग का केले? कारण कप्प्यात दाबून बसवलेली कार्डं जळत नाहीत. कडा काळ्या पडतात, मधे हवा शिरत नाही, आतला गठ्ठा शाबूत राहतो. ढीग करूनही सुमारे ८ लाख कार्डांपैकी १५ टक्क्यांच्या आसपासच नष्ट झाली. अग्निशमन दलाने येताना वेळ काढला आणि आल्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारलं, त्यामुळे आणखी कार्डं लगदा झाली. जागेवर राहून काय करता येतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

काही दिवसांतच फितुरीने गट पकडला गेला. १ जुलै १९४३ ला बारा जणांना ओव्हरव्हेनच्या वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घातल्या. व्हॅन डर व्हेन तेव्हा सुटले, त्यांना जून १९४४ मध्ये तिथेच मारलं.

उत्तरायण

हल्ल्याची थोरवी मान्य करून एक कटू गोष्ट: वेस्टरबोर्क या डच संक्रमण-छावणीहून ज्यूंना नेणाऱ्या गाड्या जुलै १९४२ पासून सुटत होत्या. कार्डं पेटली तेव्हा आठ महिने उलटून गेले होते. आणि हेगमधल्या पोचा जागच्या जागी होत्या. क्लेकाम्पवर ब्रिटिश हवाई दलाने बाँब टाकले ते ११ एप्रिल १९४४ ला. सहा मॉस्किटो विमानं, अगदी खालून, दुपारी, कार्यालय चालू असताना, कारण बंद कपाटातला कागद पेटत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. सुमारे ६० माणसं मेली, त्यात तिथले कर्मचारी होते. बहुतेक ज्यू तोवर देशात उरलेच नव्हते. फायदा झाला तो मजुरीची सक्ती टाळून लपलेल्या तरुणांना आणि भूमिगतांना.

आता युद्धानंतरच्या आठवणीकडे या, कारण धाग्याचा प्रश्न शिक्षेचा आहे. डच लोकांनी अनेक दशकं ‘बरोबर’ आणि ‘फाउट’, म्हणजे चुकीचे, असे दोनच कप्पे ठेवले. आणि ‘बरोबर’चा कप्पाही गाळून भरलेला. ज्या रस्त्यावर जर्मन गुप्त पोलिसांचं ठाणं होतं, त्याला व्हॅन डर व्हेन यांचं नाव मिळालं. अरोंडेउस समलिंगी होते. समलिंगी माणसं भित्री नसतात हे लोकांना सांगा, असा निरोप त्यांनी मरणापूर्वी दिला होता. त्यांचं नाव मात्र १९८० च्या दशकापर्यंत मागेच राहिलं. ज्यूंच्या धरपकडीविरुद्धचा फेब्रुवारी १९४१ चा संप कम्युनिस्टांनी पुकारला, आणि शीतयुद्धात त्याच्या स्मरणाचेही दोन गट पडले.

खाडीकाठ

दोन कप्प्यांचा परिणाम आज दिसतोय. जर्मनांना साथ दिल्याच्या संशयावरून युद्धानंतर झालेल्या चौकश्या-खटल्यांचं दप्तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, जवळपास चार किलोमीटर लांबीचं. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला त्यावरचं बंधन संपलं. पूर्ण फायली इंटरनेटवर टाकायचा बेत होता, पण माहिती-संरक्षण प्राधिकरणाने हरकत घेतली, म्हणून फक्त सुमारे ४,२५,००० नावांची सूची खुली झाली. त्यातल्या बहुतेकांवर कधी खटलाच चालला नाही. शेजाऱ्याने रागापोटी केलेली तक्रारही तिथे फाइल बनून बसली आहे. नाव सूचीत दिसलं की नातवंडं गुन्हेगाराची ठरतात. यादीत नाव असणं जिथे एकदा जिवावर बेतलं होतं, तिथे पुन्हा यादीच उघडायची?

दप्तरबंद

ही तुलना मला मान्य नाही. ती यादी माणसं मारायला वापरली, ही वाचायला आहे. पण घिसाडघाई नको हे पटतं. फाइल बघायची तर वेळ ठरवून हेगच्या वाचनकक्षात जावं लागतं, आणि ते तसंच राहू दे. सूचीत फक्त नाव कळतं. जबाब, साक्षी आणि निकाल किंवा प्रकरण बंद केल्याचा शेरा, हे सगळं फाइलमध्ये असतं, आणि ते एकत्र वाचावं लागतं.

फक्त एक सांगतो. सुमारे दीडशे जणांना मृत्युदंड सुनावले गेले, त्यातले चाळीसच्या आसपास अमलात आले. ते बहुतेक खबरे, छळ करणारे, मारेकरी. कार्यालयांतल्या माणसांना त्या मापाने मोजलंच गेलं नाही. सरकारच्या वतीने तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांनी माफी मागितली ती जानेवारी २०२० मध्ये, आणि त्यात त्या काळच्या अधिकाऱ्यांचा उल्लेख होता. पंचाहत्तर वर्षं लागली.

खाडीकाठ

तो उल्लेख व्हायलाच हवा होता. पण ‘अधिकारी’ म्हणजे लेंट्स एकटा नव्हे, आणि तुमचा धागा त्याच्या एकट्यावर आहे. प्रतिज्ञापत्रावर सही केलेल्या न्यायाधीशांवर वेगळा धागा काढा, मी तिथे तुमच्या बाजूने लिहीन.