होळकरांची रेल्वे : दूरदृष्टी की साम्राज्याची सोय?

सियागंजकर :
पाहुण्यांना गांधी हॉल दाखवताना, १९०४ साली बांधलेल्या या वास्तूचे मूळ नाव ‘किंग एडवर्ड हॉल’ होते, हे आपण इंदूरकर जरा ओशाळूनच सांगतो. खांडवा-इंदूर मीटरगेज रेल्वेचा विषय निघाला की मात्र तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिल्याचे अभिमानाने सांगतो. मला दोन्ही एकाच सत्तेच्या खुणा वाटतात. १८५७ च्या जुलैत इंदूरची रेसिडेन्सी (इंग्रज प्रतिनिधीचे ठाणे) आणि महूची लष्करी छावणी एकाच दिवशी पेटली होती, आणि हा लोहमार्ग त्याच महूवरून काढला गेला. फौज वेळेत पोहोचावी ही निकड इंग्रजांची होती, पैसा मात्र रयतेच्या शेतसाऱ्यातला.

राजेंद्रनगरवासी :
आपण कर्जाला खंडणी ठरवत आहात. या रकमेवर साडेचार टक्के व्याज ठरले होते. म्हणजे महाराजांनी व्यवहारच केला होता. घाटात अडकणाऱ्या बैलगाड्यांवर माळव्याचा कापूस किती काळ मुंबईला जाणार होता? गिरण्यांचे इंदूर रेल्वेनेच घडवले.

सियागंजकर :
दरबाराची पहिली कापडगिरणी रेल्वे येण्याआधीच उभी राहिली होती, एवढे तरी ध्यानात घ्यावे. व्याजाचे म्हणाल, तर विलायती रेल्वे कंपन्यांना सरकार भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी देत असे. पण मला टक्क्यांपेक्षा अधिकाराचा प्रश्न मोठा वाटतो. संस्थानी हद्दीतून लोहमार्ग गेला की त्या पट्ट्यावरचे दिवाणी-फौजदारी अधिकार इंग्रजांकडे सोपवावे लागत. म्हणजे संस्थानिकाच्याच मुलखात, रुळांपुरता, त्याचा कायदा चालत नसे. एडवर्डच्या नावाची पाटी उतरवता आली, तसा हा पट्टा दरबाराला परत घेता येत नव्हता.

राजेंद्रनगरवासी :
अधिकारांचा मुद्दा मान्य. तरीही त्यावरून अख्खी रेल्वे परकी ठरत नाही.

महूकर :
दोघांनीही याच मार्गावरच्या, घाटमाथ्याच्या पाताळपाणी स्थानकाचा उल्लेख केला नाही, याचे नवल वाटते. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या तंट्या भिल्लाला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिल्यावर त्याचा देह तिथेच रुळांलगत आणून टाकला, असे आमच्याकडे सांगतात. तिथे त्याचे देऊळ आहे. मीटरगेजच्या काळात घाट उतरण्यापूर्वी गाडी तिथे क्षणभर थांबे, आणि चालक त्याला नमस्कार करून मगच कालाकुंडकडे निघत. लहानपणी आम्हाला घाई असे ती कालाकुंडच्या पानात बांधलेल्या कलाकंदाची. गाडी कोणासाठी थांबते, हे आजीने खिडकीतून बोट दाखवून सांगितले होते.