राजेशाहीने स्पेन एकत्र ठेवला म्हणे!

रानजाई
परवा स्पेनच्या राजाची थोरली मुलगी आणि गादीची वारस लेओनोर हिच्या गणवेशातल्या फोटोंचा धागा आला होता. त्यात एकांनी लिहिलं की राजघराणं होतं म्हणून स्पेनचे तुकडे झाले नाहीत, पोरगी गुणी आहे, आता पुढची पन्नास वर्षं काळजी नाही. खाली सगळे सहमत सहमत. दोन दिवस गप्प बसले, आज राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

पोरगी गुणी असेल हो. सारागोसाची लष्करी अकादमी, मग नौदल, मग हवाई दल, सगळं करतेय. तिच्याशी माझं भांडण नाही. पण गादीने प्रांत जोडून ठेवले हे कुठून आणलंत? स्पेनमध्ये गादीवर कोण बसणार हा वाद जेव्हा जेव्हा पेटला तेव्हा प्रांतांची राखरांगोळी झालीय. १७०० मध्ये राजा दुसरा कार्लोस मूलबाळ नसताना मेला. फ्रान्सचे बुर्बोन की ऑस्ट्रियाचे हाब्सबुर्ग असं युद्ध झालं, कॅटलोनिया, वॅलेन्सिया, आरागोन ऑस्ट्रियावाल्यांकडून लढले आणि हरले. ११ सप्टेंबर १७१४ ला बार्सेलोना पडलं, जिंकलेल्या बुर्बोन राजाने, पाचव्या फेलिपेने, त्यांचे जुने कायदे आणि संस्था मोडून टाकल्या. कॅटलान लोक आपला राष्ट्रीय दिवस म्हणून आजही हीच हरल्याची तारीख पाळतात, यातच काय ते आलं.

मी वॅलेन्सियाजवळच्या शातिवाला गेले होते. तिथल्या म्युझियममध्ये या फेलिपेचं मोठं तैलचित्र आहे आणि ते उलटं टांगलेलं आहे. डोकं खाली, पाय वर. १७०७ मध्ये त्याच्या सैन्याने ते गाव जाळलं म्हणून. मी आधी समजले दुरुस्तीला काढलंय की काय. तिथल्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, त्याच्या वंशातला राजा येऊन माफी मागेल तेव्हा सरळ करू. तीनशे वर्षं!

पुढे १८३३. सातव्या फेर्नांदोला मुलगा नाही, मुलगी इसाबेल गादीवर यावी म्हणून वारसाहक्काचा नियम बदलला, भावाने म्हणजे कार्लोसने ते मानलं नाही, आणि त्यातून कार्लिस्ट युद्धं. बास्क आणि नाव्हारा कार्लोसच्या मागे गेले कारण तो त्यांचे फुएरोस, म्हणजे प्रांताचे जुने खास कायदे आणि हक्क, राखेल असं त्यांना वाटत होतं. हरल्यावर १८७६ मध्ये बास्कांचे ते हक्क गेले. बास्क राष्ट्रवादी पक्ष काढणारा साबिनो आराना कार्लिस्ट घरातलाच. हे सगळं वारसाच्या भांडणातून उगवलेलं आहे आणि इथे लोक म्हणतात पन्नास वर्षं काळजी नाही.

आणि शेवटचं, लोकांना राजा हवा का हे एकदाही सरळ विचारलेलं नाही. हुकूमशहा फ्रँकोने १९६९ मध्ये हुआन कार्लोसला, म्हणजे आताच्या राजाच्या वडिलांना, त्यांच्या बापाला डावलून वारस नेमलं. फ्रँकोनंतरचे पंतप्रधान आदोल्फो सुआरेझ स्वतः एका मुलाखतीत बोलून गेले होते की सार्वमत घेतलं तर हरू असं सर्वेक्षणं सांगत होती, म्हणून राजा शब्द लोकशाहीकडे जायच्या सुधारणा कायद्यात घालून टाकला. ते रेकॉर्डिंग १९९५ चं, लोकांसमोर आलं २०१६ मध्ये.

माद्रिदचा_मुक्काम
ताई, इतिहास छान लिहिलात पण सोयीचा. १९७८ च्या संविधानात संसदीय राजेशाही स्पष्ट लिहिलेली होती, ते वाचून ८८ टक्के लोकांनी हो म्हटलं. कॅटलोनियात तर नव्वद टक्के! तेव्हा १७१४ कुठे गेलं होतं?

मी चौदा वर्षं इथे आहे. डिसेंबरात संविधान दिनाच्या आसपास संसद लोकांना बघायला उघडतात, तासभर रांगेत उभं राहून गेलो होतो. सभागृहाच्या छतात गोळ्यांची भोकं आहेत, मुद्दाम बुजवलेली नाहीत. २३ फेब्रुवारी १९८१, लष्करी बंड, लेफ्टनंट कर्नल तेहेरो पिस्तूल घेऊन संसदेत घुसला, खासदार बाकांखाली, वॅलेन्सियात रस्त्यावर रणगाडे. रात्री एकनंतर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात टीव्हीवर आला आणि मी संविधानाच्या बाजूने आहे म्हणाला, तिथे बंड संपलं. माझे सासरे तेव्हा एकवीस वर्षांचे होते, युनियनचं काम करायचे. त्या संध्याकाळी त्यांच्या आईने घरातले सगळे कागद बाथरूममध्ये जाळले. ते आयुष्यभर डावे, पण त्या रात्रीबद्दल राजाला कधी वाईट बोलले नाहीत.

रिपब्लिक दोनदा करून बघितलंय यांनी. पहिलं १८७३ चं, वर्ष पूर्ण व्हायच्या आत चार अध्यक्ष, कार्ताहेनासारखी शहरं स्वतःला स्वतंत्र जाहीर करत सुटली. दुसऱ्याचा शेवट यादवी युद्धात.

गावठी_वकील
दुसऱ्याचा शेवट यादवीत "झाला" नाही हो, सेनापतींनी बंड करून केला. घर जाळणाऱ्याला सोडून घरमालकाला दोष देताय. आणि नव्वद टक्के सांगताना बास्क प्रांत विसरलात, तिथे निम्म्याहून कमी लोक मतदानाला आले होते कारण त्यांच्या पक्षाने बहिष्कार घातला होता. आकडे सांगायचे तर सगळे सांगा.

हुआन कार्लोसने १९८१ मध्ये लोकशाही वाचवली, ठीक. त्याचं भाडं किती वर्षं वसूल करणार? २०१२ मध्ये देशात काम मागणारा दर चौथा माणूस बेकार आणि हे बोट्स्वानात हत्ती मारायला गेले, कंबर मोडली म्हणून लोकांना कळलं. मग गादी मुलाला दिली, सौदीच्या पैशांची प्रकरणं निघाली, २०२० मध्ये देश सोडून अबू धाबीला गेले. खटला झाला नाही, त्याचं एक मोठं कारण म्हणजे गादीवर असेपर्यंत राजाला हात लावता येत नाही असं संविधानातच आहे. जावई मात्र जेलमध्ये जाऊन आला.

माद्रिदचा_मुक्काम
बापाचं पाप मुलाच्या माथी मारू नका. आताचा राजा फेलिपे, हुआन कार्लोसचा मुलगा, याने बापाचा वारसा नाकारला, त्याचा भत्ता बंद केला, त्या जावयाच्या बायकोची म्हणजे बहिणीची डचेसची पदवी काढून घेतली. सख्ख्या बहिणीची. आपल्याकडे कुठल्या नेत्याने केलंय? आणि राजवाड्याचं बजेट वर्षाला ८४ लाख युरो आहे, फ्रान्स, इटलीच्या राष्ट्राध्यक्षांचा खर्च याच्या दसपटीहून जास्त आहे.

बार्सेलोनाची_सून
सहसा नुसती वाचते, आज लिहिते. फेलिपेचं कौतुक चाललंय म्हणून. ३ ऑक्टोबर २०१७ ला मी बार्सेलोनातच होते. दोन दिवस आधी कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याच्या सार्वमताला पोलिसांनी मतदान केंद्रांवर लाठ्या चालवल्या होत्या, आमच्या शेजारच्या शाळेचं काचेचं दार फोडलं होतं. रात्री नऊला राजा बोलायला आला. आम्ही सगळे टीव्हीसमोर. वाटलं होतं की जखमी झालेल्यांबद्दल एक वाक्य बोलेल. नाही बोलला. कॅटलानमध्ये एक शब्दही नाही. भाषण संपायच्या आत आख्ख्या गल्लीत बाल्कन्यांमधून लोक पातेली वाजवायला लागले. माझ्या सासूबाई स्वातंत्र्यवाल्या नाहीत, त्यांनी आयुष्यभर सोशालिस्टांना मत दिलंय. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून पळी घेऊन आल्या आणि बाल्कनीत गेल्या. त्या रात्री राजाने देश एकत्र ठेवला की आमच्या सासूबाई गमावल्या ते तुम्हीच ठरवा.

तळेगावकर_सध्या_परदेशी
पातेली वाजवणाऱ्यांची दुसरी बाजू पण ऐका. आम्ही तीन वर्षं तिथे राहिलो. मुलाला शाळेत घातलं, सगळं कॅटलानमध्ये, स्पॅनिश आठवड्याला मोजून तास. पन्नास कोटी लोकांची भाषा सोडून मुलाने ही का शिकायची? शाळेत जाऊन विनंती केली तर नम्रपणे दार दाखवलं. कोर्टाने २५ टक्के तास स्पॅनिशमध्ये घ्या म्हणून सांगितलं, सुप्रीम कोर्टानेही ते कायम केलं, तरी यांनी नवा कायदा करून पळवाट काढली. शेवटी माद्रिदला बदली घेतली. राजा सगळ्यांचा आहे, हे लोक फक्त स्वतःचे आहेत.

बार्सेलोनाची_सून
माझी मुलगी नाशिकहून सात वर्षांची आली, एक अक्षर येत नव्हतं. शाळेत नव्या मुलांसाठी वेगळा वर्ग असतो तिथे बसवलं, दिवाळीपर्यंत मैदानावर कॅटलानमध्ये भांडायला लागली. स्पॅनिश तर टीव्ही, दुकान, शेजारपाजार यातूनच आली, ती शिकवायला लागत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. घरात जन्मभर कॅटलान बोलल्या. पण बहिणीला पत्र लिहायचं तर स्पॅनिशमध्ये, कारण फ्रँकोच्या शाळेत स्वतःची भाषा लिहायला शिकवलीच नाही. माझी मुलगी मागच्या नाताळात त्यांच्याजवळ बसून त्यांच्यासाठी कॅटलानमध्ये कार्डं लिहीत होती आणि आजी अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. का शिकायची याचं उत्तर माझ्यापुरतं हे आहे.

गावठी_वकील
तळेगावकर, पुण्यात वीस वीस वर्षं राहून "मराठी नही आती" म्हणणाऱ्यांवर तुम्हीच मागे पानभर लिहिलं होतंत. तेव्हा इथल्या भाषेचा मान राखा म्हणत होतात. बार्सेलोनात गेल्यावर तो मान कुठे गेला?

तळेगावकर_सध्या_परदेशी
दोन्हीत फरक आहे. मी तीन वर्षांच्या कामासाठी गेलो होतो, कायमचा नाही.

गावठी_वकील
पुण्यात येणारा पण तीन वर्षांसाठीच आलेला असतो, विचारून बघा त्याला.

तळेगावकर_सध्या_परदेशी
माझा मुलगा रोज रात्री रडायचा, ते तुम्ही बघितलेलं नाही. लोकांच्या मुलांवर तत्त्वं तपासणं सोपं असतं. मला या विषयावर आणखी बोलायचं नाही.

बार्सेलोनाची_सून
मुलगा रडत होता हे वाचून वाईट वाटलं, खरंच. माझी पण पहिले दोन महिने रडली होती, ते मी वर लिहिलं नाही.

रानजाई
भाषेवर वेगळा धागा काढा कुणीतरी, अकरा प्रतिसादांनंतर राजा सापडेना मला. माद्रिदचा_मुक्काम, मला एक सांगा. फेलिपे गादीवर आला तो कुठल्या नियमाने? त्याच्या दोन थोरल्या बहिणी आहेत. एलेना १९६३ ची, क्रिस्तिना १९६५ ची, हा १९६८ चा. संविधानाचं ५७ वं कलम, मुलगा असला की मुलगी मागे. स्वीडनने हा नियम १९८० मध्ये काढला, नंतर नेदरलँड्स, नॉर्वे, बेल्जियम, डेन्मार्क, शेवटी इंग्लंडने सुद्धा. स्पेनमध्ये आजही तसाच आहे. लेओनोर वारस आहे ती फक्त भाऊ झाला नाही म्हणून. गुणी पोरगी म्हणणाऱ्यांना याचं काहीच वाटत नाही?

माद्रिदचा_मुक्काम
वाटतं. हे कलम लाजिरवाणं आहे, यात तुम्ही बरोबर आहात, लिहून ठेवा हवं तर. फेलिपेच्या बायकोला, लेतिसियाला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते तेव्हा इथे सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता की मुलगा झाला तर काय. तेव्हाचे पंतप्रधान सापातेरो यांच्या सरकारने त्याआधीच कौन्सिल ऑफ स्टेट या सल्लागार संस्थेकडून मत मागवलं होतं, २००६ मध्ये अहवालही आला. मग दुसरीही मुलगीच, सोफिया, जन्मली आणि फाइल कपाटात गेली.

पण ते बदलत का नाही हे पण बघा. १६८ वं कलम. राजाच्या प्रकरणातला एक शब्द बदलायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग संसद बरखास्त, निवडणूक, नव्या संसदेत पुन्हा दोन तृतीयांश, आणि वर सार्वमत. हे सार्वमत कागदावर फक्त मुलगी की मुलगा एवढ्यावर असेल, पण लोक मत देणार राजा हवा की नको यावर. आणि एकदा दार उघडलं की कॅटलान स्वयंनिर्णयाचा हक्क घेऊन येणार, बास्क येणार, कडवा उजवा पक्ष व्होक्स प्रांतांची सरकारंच बंद करा म्हणून येणार. म्हणून कुणी हात लावत नाही.

रानजाई
मग मी पहिल्या प्रतिसादात दुसरं काय म्हणत होते? थोरल्या मुलीला हक्क द्यायची साधी दुरुस्ती होत नाही कारण खाली कॅटलोनिया आणि बास्क दाबून ठेवलेत. २०१५ नंतर सरकारी सर्वेक्षण संस्थेने कित्येक वर्षं राजेशाहीला किती गुण द्याल हा प्रश्न विचारणंच बंद केलं. ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे त्याला प्रश्नाची भीती का वाटावी?

माद्रिदचा_मुक्काम
हा मुद्दा मान्य. निष्कर्ष मान्य नाही. कॅटलान रिपब्लिकन पक्षाला स्पेनचं रिपब्लिक नकोय, कॅटलोनियाचं हवंय. उद्या राजा गेला आणि माद्रिदमध्ये राष्ट्राध्यक्ष बसला तर तुमच्या सासूबाई, म्हणजे बार्सेलोनाच्या सुनेच्या सासूबाई, पळी खाली ठेवतील का?

आणि नोव्हेंबर २०२४ विसरू नका. वॅलेन्सियाच्या पुरानंतर पैपोर्ता या गावात भेट द्यायला आलेल्यांवर लोकांनी चिखल फेकला, पंतप्रधानांना तिथून हलवलं, राजा थांबला. कोटावर, तोंडावर चिखल आणि ओरडणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून ऐकत होता. लेतिसियाच्या गालावर चिखल, ती रडत होती.

रानजाई
ते मी बघितलं होतं. तेवढं त्याच्या खात्यावर आहे, नाही म्हणत नाही. पैपोर्तापासून शातिवा काही फार लांब नाही. चिखलात उभा राहू शकतो तर त्या म्युझियममध्ये पाच मिनिटं जाऊन यायला काय हरकत आहे?

बार्सेलोनाची_सून
सासूबाईंना आत्ता जेवताना वाचून दाखवलं, भाषांतर करून. म्हणाल्या, राष्ट्राध्यक्ष आला तर त्याला पुढच्या वेळी मत देणार नाही असं तरी म्हणता येईल. पळी मात्र जागेवरच राहील म्हणाल्या.