मदत हवी आहे: अर्धवट तयार मालानं शॉप भरलंय, तरी ऑर्डर अडकते

मोल्डर_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. पीव्हीसीचे बॉल व्हॉल्व्ह बनवतो, ठिबकवाले आणि पाइपचे दुकानदार ही आमची गिऱ्हाइकं. मोल्डिंगची पाच मशीनं, मग रनर (नगाला चिकटून आलेली जादा प्लास्टिकची दांडी) तोडणं, असेंब्ली, पाण्याच्या टाकीत बुडवून हवेची टेस्ट, पॅकिंग. व्हॉल्व्हला बॉडी, बॉल, सीट रिंगा, स्पिंडल, ओ-रिंगा, प्लग आणि हँडल लागतं. यातलं एक जरी नसलं तरी बाकीचं सगळं नुसतं भंगार म्हणून पडून राहतं.

अडचण अशी की शॉपमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि गाडी लागली की माल नाही. परवाचंच घ्या. रावेरच्या दुकानदाराची दोन इंची व्हॉल्व्ह न्यायला आलेली गाडी दारात उभी. बॉडीचे क्रेट पत्र्याला टेकलेले. बॉल कुठे आहेत म्हणून शोधाशोध, तर ते अडीच इंचीच्या थप्पीमागे सापडले. एवढं करून हँडल निघाली निळी, ऑर्डर लालची. ड्रायव्हर चहा पिऊन पिऊन कंटाळला, शेवटी अर्धा माल घेऊन गेला.

हे असं का होतं ते मला दिसतं. मशीनवरची डाय, म्हणजे साचा, बदलायला तीन तास जातात, म्हणून एकदा चढलेली डाय कोणी उतरवत नाही. मोल्डिंगचा ठेकेदार नगावर पैसे घेतो, त्याला बॉडी लागो न लागो, मशीन चालू हवं. शेठच्या केबिनला काच आहे. बंद मशीन दिसलं की लगेच फोन. आणि पीव्हीसी गरम बॅरलमध्ये थांबवून ठेवता येत नाही, जळतं, म्हणून 'थोडा वेळ बंद ठेवा' हेही चालत नाही.

एक्सेल करून पाहिलं. त्यात एकूण किती नग आहेत ते कळतं, कुठे पडलेत ते कळत नाही. आता एक सॉफ्टवेअरवाला मागे लागलाय, बारकोड लावू म्हणतो. घ्यावं का? की आधी दुसरं काही करावं? मोल्डिंगला 'आता बस' हे कोणी आणि कशाच्या आधारावर सांगायचं, हा माझा खरा प्रश्न आहे. मी सांगितलं तर ठेकेदार शेठकडे जातो.

तापीकाठ

दोन आकडे द्या. दोन इंचीचे रोज किती व्हॉल्व्ह पॅक होतात, आणि आत्ता जमिनीवर बॉडी किती? क्रेटमध्ये किती बसतात तेही सांगा.

मोल्डर_जळगाव

रोज साधारण ६००. बॉडी ९००० च्या आसपास असतील. एका क्रेटमध्ये ४०.

धुळेकर

आम्हनाकडे बी हाईच रामायण शे भो. आमच्या फॅब्रिकेशनमध्ये कापलेल्या पट्ट्या गंजून जातात, पण कटिंगवाला थांबत नाही. वाचतोय.

तापीकाठ

९००० भागिले ६००, म्हणजे पंधरा दिवस. आज मशीनमधून पडलेली बॉडी पॅकिंगला पोचायला सरासरी पंधरा दिवस घेणार, रोज पॅक होणारा आकडा ६०० च राहिला तर. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणितानं सिद्ध केला. आत साठलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल म्हणजे लागणारे दिवस. रोजचा ६०० चा आकडा तुम्ही लगेच वाढवू शकत नाही, पण वरचा ९००० चा तुमच्या हातात आहे.

तो असा. बॉडीची डाय चढल्यावर २४ तासांत किती नग निघतात?

मोल्डर_जळगाव

दोन कॅव्हिटीची डाय आहे, एका वेळी दोन नग पडतात. २४०० धरा.

तापीकाठ

मग असेंब्ली रोज १५ क्रेट खाते, मोल्डिंग रोज ६० भरते. दोन इंची बॉडीसाठी फक्त ८० क्रेट ठेवा, पिवळा रंग मारा आणि जमिनीवर तेवढ्याच जागेचा चौकोन आखा. बाकीचे क्रेट कुलपात. भरलेले ३० उरले की डाय चढवायची, कारण तीस म्हणजे दोन दिवसांचं खाणं आणि तेवढ्यात डाय बदलून नवा माल सुरू होतो. ८० भरले की डाय उतरवायची. म्हणजे पंधराच्या जागी जास्तीत जास्त पाच-सहा दिवसांचा माल आत राहील. आकडे तुमच्या अनुभवानं थोडे मागेपुढे करा.

यात 'बस' कोणी सांगायचं हा प्रश्नच उरत नाही. रिकामा पिवळा क्रेट नाही, तर मशीनचा पुढचा शॉट नाही. ठेकेदार शेठकडे जाऊन काय सांगणार, क्रेट द्या? टोयोटात ताइची ओनो यांनी हेच केलं, पुढच्यानं उचललं की मागच्यानं तेवढंच बनवायचं. तिथे 'आता बनवा' सांगणारं कार्ड होतं, तुमच्याकडे क्रेटच कार्ड.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. माल कुठेही पडत असेल तर बारकोड फक्त एवढंच सांगेल की तो शेवटी कुठे स्कॅन झाला होता.

सातपुडा७

वरच्या हिशोबात एक गोष्ट सोपी धरली आहे. बॉडीची डाय साधारण साडेचार दिवसांनी एकदा चढणार, तशीच बॉलची, प्लगची, अडीच इंचीची. पाच मशीनांवर आठवड्यात किती डाय चेंज होतील ते मोजा, गुणिले तीन तास. ठेकेदार बोंबलणारच, आणि त्याचं चुकीचंही नाही.

म्हणून आधी डाय चेंजचे तीन तास कमी करा. शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १००० टनी प्रेसचा सेटअप चार तासांवरून आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला होता. तुम्हाला तीन मिनिटं नकोत, पाऊण तास झाला तरी गंगेत घोडं न्हालं. उभं राहून बघा, तीन तासांतला किती वेळ खरंच डायला हात लागलेला असतो. बहुतेक वेळ क्रेन शोधणं, पाना शोधणं, पाण्याच्या नळ्या ओढणं यात जातो. पुढची डाय मशीन चालू असतानाच खाली आणून ठेवा, नळ्यांना झटपट लागणारे कपलर बसवा, क्लँपचे बोल्ट सगळ्या डायना एकाच मापाचे करा.

पीव्हीसी थांबवायची भीती बरोबर आहे. पण तुम्हाला मशीन थांबवायचंच नाही, दुसरी डाय चढवायची आहे. चढवायला काहीच नसेल तरच पीपीनं परजिंग करून, म्हणजे ते दुसरं प्लास्टिक सोडून बॅरलमधलं पीव्हीसी बाहेर काढून, बंद करा.

धुळेकर

ठेकेदाराचा रेट बदलल्याशिवाय काही होणार नाही, मी लिहून देतो. नगावर पैसे म्हणजे तो नगच पाडणार. आमच्याकडे अर्धे पैसे नगावर आणि अर्धे त्या आठवड्यात पॅक झालेल्या मालावर असं केलं. पहिले कुरकुर, मग तो स्वतःच असेंब्लीत जाऊन विचारायला लागला, काय कमी पडतंय म्हणून. आणि शेठला दिवस सांगू नका, रुपये सांगा. ९००० बॉडीत किती किलो रेझिन अडकलंय, त्याचा गुणाकार करून द्या.

मोल्डर_जळगाव

सगळ्यांचे आभार. शेठला रेझिनचा आकडा दाखवला, बराच वेळ कागदाकडे बघत होते. पिवळ्या क्रेटचं फक्त दोन इंची बॉडीपुरतं करून बघा म्हणाले. रेटचं ठेकेदाराशी ते स्वतः बोलणार.

दोन शंका. मार्चपासून आमचा सीझन, मेमध्ये बागायती कापूस आणि जून-जुलैत मृगबाग केळी. तेव्हा ८० क्रेट पुरणार नाहीत. आणि हँडलच्या रंगाचं काय?

तापीकाठ

फेब्रुवारीत क्रेट वाढवा, जुलैनंतर काढून घ्या. काढून घ्यायची तारीख आजच भिंतीवर लिहा, कारण वाढवायला सगळे तयार असतात.

सातपुडा७

रंग शेवटी ढकला. हँडल न लावता व्हॉल्व्ह जोडा, टाकीवर टेस्टला एक कॉमन हँडल वापरा, आणि पॅकिंगच्या टेबलावर ऑर्डर बघून लाल किंवा निळं बसवा. तुमच्या हँडलची रचना तशी आहे ना, स्क्रूनं नंतर बसतं?

मोल्डर_जळगाव

हो, नंतरच बसतं, फक्त स्क्रूनं नाही, दाबून. जमेल. शेवटची शंका: टेस्टमध्ये गळालेला, चेकिंगसाठी बाजूला ठेवलेला माल त्या ८० मध्ये धरायचा का? आमच्याकडे त्यासाठी लाल क्रेट आहेत.

तापीकाठ

धरायचा. लाल क्रेट मोजणीबाहेर ठेवलेत तर महिन्याभरात सगळा माल 'चेकिंगला' जाईल. लाल तीनच ठेवा, आणि तिन्ही भरले की टेस्टिंगवाल्यानं थेट तुम्हाला बोलवायचं.