दीड एकर साग: विरळणी किती करावी आणि निघालेल्या बारीक लाकडाचं काय?

बांधकरी

दीड एकरावर साग आहे. लागवड 2 × 2 मीटर, वय 12 वर्षं, विरळणी एकदाही झालेली नाही. छातीच्या उंचीला सरासरी घेर 40 सेंमी, उंची 13-14 मीटर. खालच्या फांद्या वाळून गेल्यात, हिरवा भाग वरच्या चौथाईतच उरलाय. कडेने ऐन, बेहडा आपोआप आलेत. तोडणी आणि वाहतुकीच्या परवानगीचं काम सुरू आहे, तो विषय इथे नको.

विचारायचं ते हे:
एकदम अर्धी झाडं काढली तर चालतील का, आणि काढायची कोणती हे कसं ठरवायचं? दुसरं, निघालेल्या लाकडाच्या फळ्या पाडून कपाटाचे कप्पे, बाकडी असं काही करता येईल का? अशा बारीक सागाच्या फळ्या मधोमध उलतात, त्याचं कारणही कळलं तर बरं.

---

शेंडा_बघा

अर्धी एकदम काढू नका. तुमच्याच आकड्यांवरून सांगतो. घेर 40 सेंमी म्हणजे व्यास सुमारे 13 सेंमी. उंची 14 मीटर भागिले 0.13 केलं की 108 येतात. हे गुणोत्तर 80 च्या आत असेल तर झाड वाऱ्याला आपल्या बळावर उभं राहतं. 100 च्या पुढे गेलं की ते शेजाऱ्यांच्या आधाराने उभं आहे असं समजा. तो आधार एका हंगामात काढला की पहिल्या वादळात झाडं कमानीसारखी वाकतात. ती पुन्हा सरळ होत नाहीत. शिवाय खोडावर अचानक ऊन पडलं की सागाला बुंध्यापासून वरपर्यंत पाणफुटवे (खोडातूनच थेट फुटणाऱ्या बारीक फांद्या) येतात आणि प्रत्येक फुटव्यामागे लाकडात एक गाठ.

2 × 2 ला एकरी साधारण 1000 झाडं बसतात. आत्ता एक तृतीयांश काढा, एकरी 650-700 ठेवा. शेंडे पुन्हा एकमेकांना भिडले की, म्हणजे 3-4 वर्षांनी, पुन्हा एक तृतीयांश. शेवटी मोठ्या लाकडासाठी एकरी 120-150 पुरे. 150 धरली तर एका झाडाच्या वाट्याला 27 चौरस मीटर येतात, म्हणजे दोन झाडांत पाच मीटरच्या वर अंतर.

एकाआड एक तिरकी ओळ काढायची पद्धत पाचव्या-सहाव्या वर्षी ठीक असते, कारण तोवर झाडांत फारसा फरक पडलेला नसतो. बाराव्या वर्षी ओळ धरून तोडलं तर चांगलं झाडही जातं आणि रोगटही राहतं. आता निवडूनच काढायला हवं. आणि खुणा ठेवायच्या झाडांवर करा. पहिले पाच-सहा मीटर खोड सरळ, एकच शेंडा, पोखर नाही, हिरवा भाग त्यातल्या त्यात जास्त, अशी एकरी 150 झाडं शोधून त्यांना चुन्याचा पट्टा ओढा. मग प्रत्येकाखाली उभं राहून वर बघा. त्याच्या शेंड्यात घुसलेली एक-दोन झाडं काढायची. खाली दबलेली काटकुळी झाडं कोणालाच नडत नसतात. ती काढून आकडा भरेल, पण ठेवलेल्या झाडाला उजेड मिळणार नाही. बहुतेकांची विरळणी इथेच फसते.

खुणा पावसाळा संपता संपता करा. पानं गळल्यावर कुठला शेंडा कुणाला दाबतोय ते दिसत नाही.

कडेचे ऐन-बेहडे राहू द्या. वारा पहिल्यांदा तेच अडवतात.

---

पाचर

वरच्या हिशोबाशी सहमत. तोडणीबद्दल थोडं, कारण दाट रानातली विरळणी मोकळ्यावरच्या तोडणीपेक्षा धोक्याची असते. झाड खाली पडतच नाही, शेजारच्या शेंड्यात अडकतं.

बुंध्याशी 15-16 सेंमीचं झाड: पडायच्या बाजूला 3-4 सेंमी खोल खाच, तोंड किमान 45 अंश उघडं. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा 2-3 सेंमी वर आणि आडवा. मधे दीड सेंमी लाकूड न कापता सोडायचं. झाडाला दिशा देणारी बिजागरी तीच. ती पूर्ण कापली की झाड कुठेही जातं. इतक्या बारीक बुंध्यात पाचर मारायला जागा नसते, करवतीच्या पात्यालाच लागते. त्यामुळे दुसऱ्या माणसाने तीनेक मीटरच्या बेळक्याच्या काठीने वरून रेटायचं. बाकी सगळे झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब, म्हणजे इथे 28 मीटर. झुकलेलं झाड असेल तर जास्त सावध: मागून कापताना ते उभं फाटून बुंधा मागे उसळतो. परतायची वाट मागे तिरकी, आधीच साफ करून ठेवलेली हवी.

अडकलेल्या झाडाखाली जायचं नाही, त्यावर चढायचं नाही, आणि ज्याला ते टेकलंय ते झाड तर अजिबात कापायचं नाही. बुंध्याला दोर बांधून लांबून मागे ओढा, किंवा दोराचा वेढा देऊन खोड फिरवा. बहुतेक वेळा ते गोल फिरून सुटतं.

ओंडके ओढताना ठेवलेल्या झाडांची साल सोलवटते आणि तिथूनच पुढे कूज आत शिरते. ओढायची वाट आधी आखा. वळणावरची एक-दोन नको असलेली झाडं शेवटपर्यंत उभी ठेवा, घासायचं तर त्यांनी घासून घ्यावं. ओल्या जमिनीवर ट्रॅक्टर नको.

---

रंधा_आणि_कानस

फळ्यांबद्दल. आधी हिशोब घाला. 10 फुटी बल्ली, मधला घेर 13 इंच: (13 ÷ 4) चा वर्ग × 10 ÷ 144 = 0.73 घनफूट. पाऊण घनफूटही नाही. या चौथाई-घेराच्या मापात खऱ्या घनफळाच्या साधारण 78 टक्केच धरले जातात हे खरं, पण इतक्या बारीक गोलातून चिरल्यावर हाती येतं ते त्याहून कमीच. आणि त्यातलं पक्कं किती, ते बुंध्याच्या कापावर बघा. मधला तपकिरी गाभा टिकतो. भोवतालचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी त्याला भुंगा लागतो आणि जमिनीत ते लवकर कुजतं. ‘साग म्हणजे कुजत नाही’ हे गाभ्यापुरतंच खरं.

फळी मधोमध का उलते? लाकूड गोलाईच्या दिशेने जास्त आटतं, केंद्राकडून सालीकडे कमी. सागाचे आकडे ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत सुमारे 5.8 आणि 2.5 टक्के. भेंडाची रेघ (खोडाच्या अगदी केंद्रातला मऊ भाग) फळीत आली की हा फरक तिथेच ताण देतो आणि भेग पडते. वाळवण कितीही नीट करा, ती थांबत नाही. म्हणून बारीक ओंडक्यातून दोनच मार्ग: भेंड पूर्ण काढून दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्या घ्यायच्या, किंवा भेंड मधोमध ठेवून चौकोनी दांडा काढायचा आणि एका बाजूला भेग येणार हे गृहीत धरायचं. कप्प्यांसाठी 7-8 सेंमी रुंद पट्ट्या जोडून पाट करा. रुंद फळीचा नाद या मालात सोडा.

मापं वाढवून चिरा. गोलाईच्या दिशेने कापलेली 150 मिमी रुंद ओली फळी 12 टक्के ओलाव्याला येईपर्यंत 5 मिमी जाते. 25 मिमी जाडी हवी तर 29-30 ला चिरा, रंध्यालाही काही लागतं. सागात वाळूसारखी सिलिका असते. साधं पातं लवकर बोथटतं, कार्बाइडच्या दातांचं घ्या.

तोडल्याच्या दिवशीच ओंडक्याच्या दोन्ही टोकांना जाड ऑइल पेंट किंवा मेण लावा. टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं, टोकाच्या भेगा त्यामुळेच. बल्ल्या तशाच वापरायच्या असतील तर साल लगेच सोला, सालीखाली किड्यांना आयतं घर मिळतं.

थप्पी: जमिनीपासून 40 सेंमी उंच, सपाट. थरांमध्ये 25 × 25 मिमीच्या वाळलेल्या पट्ट्या, दर 45 सेंमीवर, खालपासून वरपर्यंत एका रेषेत. पट्टी रेषेतून सरकली की फळी तिथेच लहर धरते. दोन्ही टोकांना पट्टी हवीच. वर पत्रा आणि वजन, बाजू उघड्या, थेट ऊन नको. 25 मिमीच्या मालाला कोरड्या हंगामात दोन ते चार महिने. अंदाजावर जाऊ नका. टोकापासून 30 सेंमी आतून 25 मिमीचा तुकडा कापून वजन करा, ओव्हनमध्ये 103 अंशांना वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. 84 ग्रॅमचा 60 झाला तर 24 ÷ 60, म्हणजे 40 टक्के ओलावा. 12-13 ला आल्याशिवाय जोडकाम सुरू करू नका.

---

ओढ्याकाठी

उभ्या झाडाला कंकण पाडून, म्हणजे बुंध्याभोवतीची साल गोल कापून काढून, वर्षभर वाळवलं तर हे सगळं वाचत नाही का? जुने लोक तसंच करायचे ना?

---

रंधा_आणि_कानस

त्याचं कारण वेगळं होतं. हिरवा साग पाण्यात बुडतो. ओंडके नदीतून वाहून न्यायचे तर आधी उभ्यानेच वाळवावे लागत. 13 सेंमीच्या झाडात फायदा काही नाही. पांढऱ्या लाकडात भुंगा उभ्याउभ्याच शिरतो, आणि तोडताना वाळक्या फांद्या डोक्यावर येतात.

---

बांधकरी

धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. दोन राहिलं: पांढऱ्या लाकडाला भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्सचं पाणी कसं द्यायचं? आणि तोडलेल्या बुंध्यांना फुटवे येतील त्यांचं काय करू?

---

रंधा_आणि_कानस

100 लिटर कोमट पाण्यात 6 किलो बोरॅक्स आणि 4 किलो बोरिक अॅसिड. करवतीवरून उतरलेलं ओलं लाकूडच बुडवा, वाळलेलं चालत नाही, कारण औषध आतल्या ओलाव्यातूनच पुढे सरकतं. मग पट्ट्या न घालता घट्ट रचून प्लास्टिकने झाका. 25 मिमीच्या फळीला साधारण महिनाभर तसंच ठेवा, नंतर पट्ट्या घालून वाळवण. हातमोजे घाला, उरलेलं पाणी ओढ्यात सोडू नका. पावसात हे औषध धुऊन जातं, त्यामुळे फक्त घरातल्या वस्तूंसाठी. कुंपणाच्या खांबांना उपयोग नाही.

---

शेंडा_बघा

बुंधे जमिनीलगत, 10-15 सेंमीवर, गुळगुळीत आणि किंचित तिरके कापा, पाणी साचता कामा नये. साग जोरात फुटतो. मोकळ्या खिंडीतल्या बुंध्यांवर पुढच्या वर्षी जमिनीलगतचा एकच जोमदार फुटवा ठेवा, बाकी मोडा. बुंध्याच्या वरच्या कडेचा ठेवू नका, वाऱ्याने उपटतो. ठेवलेल्या झाडांच्या सावलीतले फुटवे काटकुळेच राहतात, ते पहिल्या पावसानंतर ठोकून टाका. फांद्या आणि पाला बारीक तोडून रानातच उताराला आडवा पसरा, पण कडेचा 4-5 मीटरचा पट्टा उन्हाळ्याआधी झाडून साफ ठेवा. विरळणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात खाली सर्वांत जास्त जळाऊ माल पडलेला असतो.